पाणी कुठे मुरतंय

लोहचुंबक मी मोज्यात घालून नेते.
लोकरीचा मोजा, उजव्या पायाचा, डावा कधीच हरवला.
नुसता चुंबक रंगावर चरा पाडतो,
आणि चरा पडला की विकणारा बिथरतो,
मग खरं बोलत नाही.

वेर्चेल्लीच्या बाहेर भातखाचरांत पाणी सोडलं होतं.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आभाळ आडवं पडलेलं.
असल्या हवेत लोखंड आयुष्य काढत नाही,
दिवस काढतं.

फोनवरच बजावलं होतं : इंजिन थंड ठेवा,
मी येईपर्यंत चावीला हात लावू नका.
"अर्थात, सिन्योरा," तांक्रेदी बोस्सो म्हणाले.
निवृत्त भूमापक. बोलणं पट्टी धरून आखलेलं.

अंगणात स्पायडर, त्र्याहत्तर सालची,
मोहरीच्या रंगाची.
मी अठरा वर्षं बसडेपोत ब्रेक बसवते,
रंगाला भुलत नाही
असं समजत होते.

आधी उकिडवं बसून दाराची फट बघायची.
वर चिंचोळी, खाली रुंद झाली असेल
तर गाडीची कंबर बसली म्हणून समजावं.
हिची सरळ होती. जवळजवळ.
मग दाराखालचा उंबरठा.
उजवीकडे मोजा टपकन चिकटला.
डावीकडे घसरून माझ्या पायावर पडला.
पत्रा नव्हता तिथे. लांबी भरलेली, वर मोहरी.
पायातला गालिचा उचलला,
खाली ओल, आणि जुन्या नाण्यांचा वास.
पाणी मुरत होतंच, फक्त कुठून ते शोधायचं होतं.

तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं.
साय आली असती तर तिथूनच माघारी फिरले असते.
काळंभोर, स्वच्छ तेल.
भिंतीवर कोरलेला आकडा पुस्तिकेशी ताडला,
एकेक अंक मोठ्याने, ते डोळे मिटून ऐकत होते,
पाठ असावा.

आणि झाकताना बॉनेटवर तळवा टेकला.
हे खरं तर सगळ्यात आधी करायचं असतं.
ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं.
बॉनेट कोमट होतं.

मी बघितलं त्यांच्याकडे. ते बघत होते कोंबड्यांकडे.
सगळे असंच करतात :
पहाटे गुपचूप तापवून ठेवायची,
म्हणजे धूर दिसत नाही, खोकला ऐकू येत नाही.
चावी परत द्यायला हात पुढे केला,
तेवढ्यात काच दिसली.
डास. शेकड्यांनी. चिरडलेले, अजून ओले.
जागेवर उभं राहून तापलेल्या गाडीला
एवढे डास लागत नाहीत.

"कुठपर्यंत?" मी विचारलं.
"कालव्यापर्यंत," ते म्हणाले. "मग पुढच्या कालव्यापर्यंत."
जरा थांबून, "छत उघडं ठेवून."

इंजिन थंड व्हायला चार तास लागतात.
त्यांनी पनिस्सा रांधला, भात किंचित करपला,
बिलांचा डबा काढला, बिस्किटांचा,
एकोणनव्वदची लांबी आपणच भरली हे कबूल केलं,
"घाईत. बहिणीचं लग्न होतं,
तिला ह्याच गाडीतून जायचं होतं."
त्यावर मी काही बोलले नाही.
लग्नाने उंबरठ्याचा खर्च कमी होत नाही.

दोन वाजता चावी फिरवली.
निळा धूर, एक उसासा, मग सरळ.
दुसरा गिअर कुरकुरला.
थंडपणी तो कुरकुरतोच, ह्या गाड्यांचा तो स्वभाव,
पण भाव पाडताना त्याला दोष म्हणायचं असतं.
मी दोष म्हटलं. आकडा सांगितला.
ते म्हणाले, "उद्या कळवतो."
मीही म्हणाले, "मलाही विचार करू दे."
दोघंही पट्टी धरून बोललो.

अर्ध्या वाटेवर, पाण्याच्या मधोमध,
खिसे चाचपले. मोजा नव्हता.
राहिला तिथेच, उजव्या उंबरठ्याला घट्ट धरून,
जिथे अजून लोखंड आहे.